शिक्षकाच्या हातून शिक्षक घडतो



दरवर्षी ५ सप्टेंबर जवळ आला की आपल्या भागातील शाळांमधून स्वयंशासन दिनाची तयारी सुरू होते. नववी-दहावीच्या मुली आईची साडी नेसून येतात, मुले काकांचा इस्त्रीचा शर्ट मागून आणतात. एका दिवसापुरते तेच मुख्याध्यापक, तेच शिक्षक आणि घंटा वाजविणारे शिपाईही तेच. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेले आणि पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा हा जन्मदिवस १९६२ सालापासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवशी पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवून आलेली एखादी मुलगी घरी किती आनंदात असते! 'मी सांगितलं आणि लेकरांना समजलं,' याचे तिलाच नवल वाटत असते. रात्री जेवताना ती म्हणते, 'मले बी मॅडम व्हायचं हाय.' आणि घरातील मोठी माणसे काय उत्तर देतात? 'आता काय ठेवलं त्यात? डी.एड. करून पोरं घरी बसले.' विषय तिथेच संपतो.

आज आपण याच विषयाचा थोडा अभ्यास करणार आहोत. शिक्षक चांगला असला की विद्यार्थी हुशार निघतो, हे आपण नेहमी पाहतो. पण विद्यार्थी स्वतः शिक्षक होतो, तेव्हा नेमके काय घडलेले असते? एका माणसाच्या जिव्हाळ्यातून दुसऱ्याच्या मनात शिकविण्याची ओढ कशी निर्माण होते? केवळ विचार करून याचे उत्तर मिळणार नाही. म्हणून आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासातील एक साखळी आपण कडी-कडी करून पाहू. ती जवळजवळ शंभर वर्षांची आहे.

वाड्यात पाहिलेला धडा

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती, तेव्हाची ही गोष्ट. ती पेशवाई १८१८ साली संपली. मंगळूरकडील अनंतशास्त्री डोंगरे नावाचा एक तरुण संस्कृत शिकण्यासाठी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे आला होता. हे शास्त्रीबुवा पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. गुरूंबरोबर वाड्यात जाताना अनंतशास्त्रींनी एक स्त्री संस्कृत श्लोक म्हणत असल्याचे ऐकले आणि ते थक्क झाले. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असे मानण्याचा तो काळ होता.

रामचंद्रशास्त्रींनी आपल्या विद्यार्थ्याला, 'तूही स्त्रियांना शिकव,' असा उपदेश केला म्हणून काही घडले, असे नाही. विद्यार्थ्याने गुरूला शिकविताना पाहिले. ज्यांना कोणी शिकवीत नाही, त्यांनाही शिकविता येते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. एवढे पुरेसे झाले. आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे, असे त्याने मनाशी ठरविले.

घरच्यांच्या विरोधामुळे पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते जमले नाही. ती वारल्यावर अनंतशास्त्रींचे दुसरे लग्न लक्ष्मीबाईंशी झाले. त्या वयाने फार लहान होत्या. त्यांना अनंतशास्त्रींनी संस्कृत शिकविले. त्यावरून गदारोळ उठला. उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी शास्त्रांतील आधार देऊन आपले म्हणणे मांडले, पण शिकविणे सोडले नाही. पुढे ते पश्चिम घाटातील गंगामूळ येथे जंगलात जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांना एक मुलगी झाली. तीच पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला माहीत झाली.

पहाटेची शाळा

रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. मुलीला शिकविण्याचे काम आईने, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, आपल्याकडे घेतले. एव्हाना घरदार सुटले होते. हे कुटुंब तीर्थक्षेत्रे पायी फिरत होते. दिवसभर स्वयंपाक, पाणी, पूजा, आलेगेले. तेव्हा आईला वेळ कोणता? उजाडण्यापूर्वीचा. पहाटे अंधारात ती मुलीला उठवी, मांडीवर घेई, जागी करी आणि पाठ सुरू होई. पुस्तक हाती न देता नुसत्या म्हणण्याने हजारो श्लोक रमाबाईंच्या जिभेवर बसले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या आया आहेत. पहाटे चार वाजता उठून भाकरी थापून, लेकराचा डबा भरून, कापूस वेचायला वावरात जाणाऱ्या आया आहेत. लक्ष्मीबाईंची पहाट म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. जिव्हाळा हा शब्द आपण सहज वापरतो. पण जिव्हाळ्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो उरलेल्या वेळातून नव्हे, तर स्वतःच्या झोपेतून काढून द्यावा लागतो. मूल लहान असले तरी त्याला हे कळते. आपल्यासाठी कोणीतरी झोप मोडली, हे ते जन्मभर विसरत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे कुटुंब देवळांत, घाटांवर लोकांना पुराणे वाचून दाखवीत असे. आईवडील वाचीत, तशी मुलेही वाचीत. म्हणजे रमाबाई केवळ ऐकणाऱ्या राहिल्या नाहीत. आपण जे शिकलो ते लोकांसमोर बसून सांगण्याचे काम लहान वयातच त्यांच्याकडे आले. शिकणे आणि सांगणे ही दोन कामे त्यांना कधी वेगळी वाटलीच नाहीत.

पुढे फार कठीण दिवस आले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ-बहीण दोघेच चालत राहिले. १८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली त्यांचे लग्न झाले आणि १८८२ मध्ये पती वारले. पदरी लहान मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या.

त्याच वर्षी, १८८२ साली, सरकारने नेमलेला हंटर शिक्षण आयोग लोकांच्या साक्षी घेत होता. रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींच्या शिक्षणासाठी स्त्री-शिक्षिका तयार केल्या पाहिजेत, त्यांना शिष्यवृत्त्या, चांगले वेतन आणि राहण्याची सोय दिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पहाटे अंधारात आईपाशी बसून शिकलेली मुलगी आता सरकारपुढे उभी राहून शिक्षिका मागत होती.

शारदा सदन ते हिंगणे

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकत होत्या आणि तेथेच त्यांच्याकडे संस्कृत शिकविण्याचे काम देण्यात आले होते. डोरोथिया बील या तेथील प्राचार्या होत्या. दूर देशातून आलेल्या विधवेला त्यांनी केवळ आश्रय दिला नाही, वर्ग दिला. पुढे अमेरिकेत जाऊन रमाबाईंनी बालवाडीची नवी पद्धत शिकून घेतली.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. तेथे आलेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. लहानपणीच लग्न झालेल्या आणि लहानपणीच विधवा झालेल्या. त्यांच्या भावाने त्यांना सदनात आणून दाखल केले. या भावाचे मित्र म्हणजे धोंडो केशव कर्वे, १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे. १८९३ साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यासाठी मुरूड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले.

त्याच १८९३ साली शारदा सदनातील काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या कारणावरून पुण्यात मोठा वाद झाला. सदनाच्या सल्लागार मंडळातील नामवंत मंडळी बाजूला झाली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कर्वे आणि रमाबाई यांचे मार्गही वेगळे होते. परंतु १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा विधवा मुलीला राहण्याची जागा आणि शिक्षण एकत्र दिले तर तिचे आयुष्य उभे राहते, याचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते तर त्यांच्या स्वतःच्या घरातच होते. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला. १९१६ साली त्यातूनच महिलांसाठी विद्यापीठ उभे राहिले.

गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा, पदरी मुलगा. बहिणीच्या घरी पुण्याला आल्या तेव्हा वयाची पंचविशी उलटलेली होती आणि अक्षरओळख नव्हती. त्या शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या, गावोगाव फिरून आश्रमासाठी पैसा जमविला आणि १९१८ साली त्याच कामासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या.

दुसऱ्या बाजूला, १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, निराधार मुलींना पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेऊन आल्या. एकदम शेकडो मुली. त्यांना सांभाळायचे कोणी, शिकवायचे कोणी? शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुली पुढे आल्या. कालच्या विद्यार्थिनी आज शिक्षिका झाल्या. मुक्ती सदन असे उभे राहिले.

आता ही साखळी पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. रामचंद्रशास्त्रींना पाहून अनंतशास्त्री, अनंतशास्त्रींपासून लक्ष्मीबाई, लक्ष्मीबाईंपासून रमाबाई, रमाबाईंपासून गोदूबाई आणि मुक्ती सदनातील मुली, गोदूबाईंच्या घरून पार्वतीबाई. पेशव्यांच्या वाड्यात एक शास्त्रीबुवा शिकवीत होते, तेव्हा त्यांना यातील काही ठाऊक होते का? मुळीच नव्हते. ते आपले काम मनापासून करीत होते आणि दाराशी एक विद्यार्थी पाहत होता.

मुक्या बैलाची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही याचे एक सुंदर उदाहरण आहे. तेराव्या शतकात जर्मनीतील कोलोन शहरी संत आल्बर्ट शिकवीत असत. त्यांच्या वर्गात थॉमस नावाचा एक धिप्पाड, अबोल विद्यार्थी होता. तो काही बोलतच नसे, म्हणून बाकीची मुले त्याला 'मुका बैल' म्हणत. परंपरा सांगते की, आल्बर्ट यांनी त्याचे टिपण वाचले, सर्वांसमोर त्याला अवघड विषय मांडायला लावला आणि या बैलाचे हंबरणे एक दिवस सारे जग ऐकेल, असे सांगितले. कथा बाजूला ठेवली तरी इतिहास एवढा निश्चित आहे की, १२५२ साली आल्बर्ट यांच्या शिफारशीवरून थॉमस यांना पॅरिसच्या विद्यापीठात शिकविण्यासाठी पाठविण्यात आले. तेच संत थॉमस अक्वायनस.

याच थॉमस यांनी पुढे 'शिक्षक' या विषयावर स्वतंत्र विवेचन केले. त्यांनी शिक्षकाची तुलना वैद्याशी केली आहे. शरीर बरे होते ते शरीरातील मूळ शक्तीने. वैद्य त्या शक्तीला साहाय्य करतो. तसेच ज्ञान मिळते ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बुद्धीच्या प्रकाशाने. शिक्षक त्या बुद्धीला वाट दाखवितो, तिच्या जागी स्वतः बसत नाही. ज्या विद्यार्थ्याला सगळे मुका समजत होते, त्याच्या आत बुद्धी आहे यावर एका शिक्षकाने विश्वास ठेवला होता. त्याच विद्यार्थ्याने पुढे हे लिहावे, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

जिव्हाळा म्हणजे सोपविणे

या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षकाचा जिव्हाळा म्हणजे गोड बोलणे, लाड करणे किंवा जास्त गुण देणे नव्हे. तसे करणारे शिक्षक मुलांना आवडतात, पण तेवढ्यावरून कोणी शिक्षक होत नाही. विद्यार्थ्याला स्वतःपाशी बांधून ठेवणारा जिव्हाळाही असतो. 'सरांशिवाय मला जमतच नाही,' असे विद्यार्थ्याला वाटायला लागले तर ते सरांचे यश समजायचे का? आमच्या मते नाही. औषध सुटतच नसेल तर रोगी बरा झाला असे आपण म्हणत नाही.

खरा जिव्हाळा असलेला शिक्षक विद्यार्थ्यावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासाची खूण म्हणून त्याच्या हाती काहीतरी सोपवितो. कधी खडू, कधी वाचनालयाची किल्ली, कधी मागे पडलेला एखादा लहान विद्यार्थी. 'याला पाढे येत नाहीत, तू रोज मधल्या सुट्टीत याच्याजवळ बसत जा,' एवढे एक वाक्य पुरते. ज्याला हे काम मिळते, त्याला प्रथमच कळते की आपल्याजवळ देण्यासारखे काही आहे. आपण सांगितलेले दुसऱ्याला समजते, त्याच्या चेहऱ्यावर ते दिसते, हा आनंद ज्याने एकदा चाखला त्याला तो पुन्हा हवासा वाटतो. शिक्षक होण्याची इच्छा बहुधा येथेच जन्माला येते. शिक्षकाविषयीची कृतज्ञता ही तिची सुरुवात. पण ती पक्की होते ती आपल्या हाती दुसऱ्याचे शिकणे सोपविले गेल्यावर.

शुभवर्तमानातही हेच दिसते. शिष्यांना अजून सर्व काही समजलेले नव्हते, तरी प्रभू येशूने त्यांना दोघे-दोघे करून गावोगाव पाठविले, असे संत मार्क सांगतो. त्यांची परीक्षा पूर्ण होईपर्यंत तो थांबला नाही. आणि सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणारे संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल यांच्या लक्षात आले की, केवळ शाळा काढून भागत नाही, शिक्षक घडवावे लागतात. म्हणून त्यांनी रॅम्स शहरात शिक्षकांना शिक्षण देणारी संस्था काढली. १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

पोटापाण्याचा प्रश्न

येथे कोणीही विचारील, 'फादर, हे सगळे खरे, पण पगाराचे काय?' हा प्रश्न मुळीच हलका नाही. शिक्षकाने त्यागावर जगावे, असे सांगणारे स्वतः बहुधा त्यागावर जगत नसतात.

ज्या हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली, त्याच आयोगाला १८८२ सालीच महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन दिले होते. त्यात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला महिना किमान बारा रुपये पगार असावा, असे आकडा देऊन सांगितले. त्यांची आणखी एक मागणी आपल्या भागाने अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घ्यावेत, ते लोकांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे शिक्षक गावाच्या मातीतला हवा आणि त्याला पोटभर वेतनही हवे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी मागितल्या.

आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा प्राथमिक शाळेतील नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन होते. पुढे ते ६,००० झाले आणि २०२३ मध्ये १६,००० करण्यात आले. त्या आधी पदविका, मग पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरील यादीची वाट पाहणे. यात तरुणांची उमेदीची वर्षे जातात. तेव्हा 'त्यात काय ठेवलं?' असे म्हणणाऱ्या आईबापांना दोष देता येणार नाही. त्यांनी कर्ज काढून शिकविलेले असते.

पण एवढे म्हणून विषय सोडून देता येईल का? अकोटच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर सुरू होतात. तिकडे मेळघाटात कोरकू बांधवांची वस्ती आहे. कोरकू ही मराठीहून अगदी निराळ्या कुळातील भाषा. त्या घरातील सहा वर्षांचे लेकरू शाळेत येते, तेव्हा पुस्तकातील भाषा त्याच्या कानाला परकी असते. ते गप्प बसते आणि आपण त्याला मंद समजतो. मुका बैलच म्हणा ना! त्याची भाषा समजणारा, त्याला जवळ घेणारा शिक्षक कोठून येणार? तो त्याच वस्तीतून यावा लागेल. आणि तेथून तो तेव्हाच येईल, जेव्हा आज त्या वस्तीतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला जिव्हाळ्याचा एक शिक्षक मिळेल. जे डोंगरातील वस्तीचे, तेच आपल्या पट्टीतील शेतमजुरांच्या मुलांचे. एका वर्गातील एका मुलाकडे आज झालेले दुर्लक्ष म्हणजे वीस वर्षांनंतरच्या एका वर्गाला न मिळालेला शिक्षक होय.

आपल्या शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा स्वतः शाळेत शिकले नव्हते. तरी घरातील भांडी विकावी लागली तरी चालतील, पण मुलांना शिकवा, हे सांगत ते आयुष्यभर हिंडले. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालयांची दारे उघडली. या भागात शिक्षणाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. ती पुढे चालविणारे हात हवेत, एवढेच.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट शिक्षकांसाठी. आपल्या समुदायात शाळेत, आश्रमशाळेत, अंगणवाडीत, शिकवणी वर्गात शिकविणारे बंधुभगिनी आहेत. या वर्षी आपल्या वर्गातील दोन मुलांच्या हाती काहीतरी सोपवा. नेहमीच्या हुशार मुलाला फळ्यावर बोलावण्यापेक्षा मागच्या बाकावरील अबोल मुलाला एका लहान मुलाचा अभ्यास घ्यायला सांगा. महिनाभर पाहा. चुकले तर रागावू नका, पुन्हा सोपवा.

दुसरी गोष्ट धर्मशिक्षण वर्गासाठी. रविवारचा वर्ग मोठ्यांनीच घेतला पाहिजे असे नाही. नववी-दहावीच्या मुलामुलींना लहानांचा एक गट द्यावा. तयारी करून घेण्यासाठी शनिवारी आपण त्यांच्याजवळ बसावे, रविवारी मात्र मागे उभे राहावे.

तिसरी गोष्ट आईवडिलांसाठी. मुलगी 'मले मॅडम व्हायचं हाय,' म्हणाली तर लगेच नोकरीचा हिशेब काढू नका. तो हिशेब करायचाच आहे, पण थोडा नंतर. आधी तिला विचारा, 'तुला असे का वाटले? कोणत्या बाईंमुळे वाटले?' तिच्या उत्तरात एखाद्या शिक्षिकेचे नाव येईल. शक्य झाले तर त्या शिक्षिकेला जाऊन ते सांगा. आपल्या शिकविण्याचा काही उपयोग झाला की नाही, हे अनेक शिक्षकांना निवृत्त होईपर्यंत कळत नाही.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात असा एक माणूस असतो. कोणाचे गुरुजी, कोणाच्या सिस्टर, कोणाची मोठी बहीण. ते हयात असतील तर येत्या महिन्यात त्यांची भेट घ्या. हयात नसतील तर त्यांनी आपल्याला जे दिले, ते एका मुलाला द्या. रमाबाईंना आईचे ऋण आईला फेडता आले नाही, कारण आई दुष्काळात गेली. त्यांनी ते दुष्काळातून आणलेल्या मुलींना फेडले.

कुटुंबात व लहान समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. मला शिकविणाऱ्यांपैकी कोणी माझ्यासाठी स्वतःचा वेळ मोडला होता? मी ते त्यांना कधी सांगितले आहे का?

२. माझ्या घरात किंवा वर्गात असे कोणते मूल आहे, ज्याला सगळे 'मुके' समजतात? मी त्याच्या हाती काय सोपवू शकतो?

३. आपल्या समुदायातील ज्या तरुणांनी शिक्षक होण्याचे शिक्षण घेतले आहे, पण ज्यांना अजून नोकरी मिळालेली नाही, त्यांच्या ज्ञानाचा उपयोग आपण मानाने आणि योग्य मोबदला देऊन कसा करू शकतो?

४. माझ्या मुलाने किंवा मुलीने शिक्षक होण्याची इच्छा सांगितली, तर माझे पहिले वाक्य कोणते असेल?

या प्रश्नांवर येत्या आठवड्यात घरी अवश्य बोलावे. लहान मुलांनाही चर्चेत घ्यावे, आणि एक प्रश्न वाचून समजावून सांगण्याचे काम त्यांच्यापैकीच कोणाला तरी द्यावे.